ॲप बंद झालं, आता भेटायचं कुठे?



फोन उघडावा आणि समोर सूचना दिसावी: हे ॲप अमुक तारखेपासून बंद होत आहे, इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार. बस्स, दोन ओळींत निरोप. कॅल्क्युलेटरचं किंवा फोटो सजवायचं ॲप बंद झालं तर आपण दुसरं टाकतो आणि विसरून जातो. मेसेजिंग ॲपचं तसं नसतं. ते कट्ट्यासारखं असतं. कट्ट्याचा दगड कुठला, सिमेंट कुठलं, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळी तिथे कोण भेटतं, एवढंच महत्त्वाचं.

मग कट्टाच उठला तर ती माणसं जातात कुठे? सगळी मिळून नव्या जागी बसतात, की चार इकडे चार तिकडे होतात? गेल्या काही वर्षांत हे आपल्या डोळ्यांसमोर बऱ्याचदा घडलंय. आजच्या लेखात त्याच गोष्टी बघूया, कारण आज ना उद्या आपल्या घरच्या ग्रुपवरही ही वेळ येऊ शकते.

स्काइपचा निरोप

अलीकडचं एक उदाहरण स्काइपचं. २८ फेब्रुवारी २०२५ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की ५ मे २०२५ ला स्काइप बंद होणार. हातात जेमतेम दोन महिने.

आजच्या शाळकरी मुलांना स्काइपचं एवढं काय, असं वाटेल. त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं. परदेशी फोन म्हणजे आयएसडी बूथवर मीटरकडे बघत बोलणं असायचं. ‘बरं आहे ना? जेवतोस ना वेळेवर? ठेवते’ एवढ्यात संभाषण संपायचं. २००३ मध्ये स्काइप आलं. एस्टोनियासारख्या छोट्याशा देशातल्या अभियंत्यांनी ते तयार केलं होतं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटमधून, फुकट बोलता येऊ लागलं. पुढे व्हिडिओही आला आणि नातवंडांचे पहिले दात आजी-आजोबांनी हजारो किलोमीटर अंतरावरून पाहिले.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप ८.५ अब्ज डॉलरला विकत घेतलं. त्यानंतर स्मार्टफोन घराघरांत पोहोचले, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला, लॉकडाउनमध्ये झूम आणि गूगल मीट लोकप्रिय झाले. मायक्रोसॉफ्टनेही आपलं लक्ष टीम्स या दुसऱ्या ॲपकडे वळवलं. स्काइप मागे पडत गेलं आणि शेवटी बंद झालं.

पण बंद करताना कंपनीने काय केलं, ते बघण्यासारखं आहे. स्काइपच्याच लॉगिनने टीम्समध्ये शिरता येत होतं. आत गेल्यावर जुने चॅट आणि संपर्क तिथे दिसत होते. मधल्या काळात टीम्सवरचा माणूस स्काइपवरच्या माणसाशी बोलू शकत होता, म्हणजे घरातल्या एकाने आधी जागा बदलली तरी बाकीच्यांशी त्याचा संपर्क तुटत नव्हता. ज्यांना टीम्सवर जायचंच नव्हतं, त्यांना आपला डेटा उतरवून घेण्यासाठी जानेवारी २०२६ पर्यंत मुदत दिली होती.

आमच्या घरी आजीचा रविवार सकाळचा स्काइप ठरलेला होता. कॅनडातल्या काकाच्या घरी तेव्हा शनिवारची रात्र असायची. आजीच्या हिशेबात स्काइप म्हणजे एक निळं चित्र, त्यात ‘एस’. त्यावर बोट ठेवलं की काका. टीम्सचं चित्र जांभळं. लॉगिन तेच, संपर्क तेच, पण तिच्यासाठी सगळंच बदललं होतं. चुलत बहिणीने सलग तीन रविवार तिच्या शेजारी बसून तेच तेच दाखवलं, तेव्हा कुठे ते जांभळं चित्र ‘काकाचं’ झालं. कंपनीने डेटा नव्या घरी नेला होता. आजीला तिथवर न्यायचं काम घरातल्या माणसालाच करावं लागलं.

गंमत म्हणजे स्काइप स्वतःही कधीकाळी कुणाच्या तरी जागेवर आलं होतं. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर सुरू केलं होतं. पुढे त्याचं नाव विंडोज लाइव्ह मेसेंजर झालं. २०१३ मध्ये ते जगातल्या बहुतेक भागांत बंद करून लोकांना स्काइपवर नेण्यात आलं. चीनमध्ये ते आणखी थोडं टिकलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथेही थांबलं. त्या वेळी ज्याने लोकांना जागा दिली, त्यालाच बारा वर्षांनी आपली माणसं दुसऱ्याकडे सोपवावी लागली.

याहूची रिकामी खुर्ची

प्रत्येक वारसदाराच्या नशिबी गर्दी असतेच असं नाही. याहू मेसेंजर आठवतंय? सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे भरायचे, हेडफोन लावायचे, आणि समोरचा उत्तर देत नसेल तर ‘बझ’ करून त्याची खिडकी हलवायची. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीने ऑनलाइन गप्पा मारायला तिथे सुरुवात केली. ‘एएसएल प्लीज’ म्हणजे वय काय, मुलगा की मुलगी, राहायला कुठे, हे ज्यांना लगेच कळलं ते सगळे आज चाळिशीच्या आसपास असणार!

१९९८ मध्ये सुरू झालेलं हे मेसेंजर १७ जुलै २०१८ ला बंद झालं. जुने चॅट उतरवून घ्यायला सहा महिने दिले होते. याहूने त्याच्या जागी लगेच दुसरं तयार मेसेंजर दिलं नाही. त्यांच्याकडे स्क्विरल नावाचं एक ग्रुप चॅटचं ॲप होतं. पण ते तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होतं आणि त्यात शिरायला आमंत्रण लागायचं. पुढे त्याचं नाव याहू टुगेदर ठेवलं. एप्रिल २०१९ मध्ये तेही बंद झालं. म्हणजे थोरला गेला आणि वर्षाच्या आत धाकटाही गेला.

असं का झालं असेल? माझ्या मते कारण साधं आहे. जुन्या घराचं दार बंद झालं, तेव्हा नव्या घराचं दार सताड उघडं नव्हतं. आमंत्रण कुठून मिळवायचं, आपली माणसं तिथे येणार का, याची उत्तरं नव्हती. शिवाय २०१८ पर्यंत बहुतेकांची माणसं आधीच दुसरीकडे गेली होती. याहू मेसेंजरच्या आठवणी सगळ्यांनी काढल्या, पण त्याच्या वारसाकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

‘तुझा पिन काय?’

आता या सगळ्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट: ब्लॅकबेरी मेसेंजर, म्हणजे बीबीएम.

२००५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ते फक्त ब्लॅकबेरीच्या फोनवर चालायचं. फोन नंबर द्यायची गरज नाही. प्रत्येक फोनला आठ अक्षरा-आकड्यांचा एक पिन असायचा, तो दिला की झालं. मेसेज पोहोचला की त्यावर ‘डी’ उमटायचा, समोरच्याने वाचला की ‘आर’. आज आपण निळ्या टिकवरून जी भांडणं करतो, ती तेव्हाच्या मंडळींनी या ‘आर’वरून करून ठेवली आहेत.

आपल्याकडे २०१० च्या आसपास कॉलेजात ज्याच्या हातात ब्लॅकबेरी, त्याचा रुबाब वेगळा. फोन महाग, त्यासाठीचा इंटरनेट प्लॅनही वेगळा घ्यावा लागायचा. त्याच वर्षी भारत सरकारने कंपनीला बजावलं होतं की सुरक्षा यंत्रणांना हे मेसेज तपासता आले पाहिजेत, नाहीतर सेवा थांबवू. काळ्या बटणांच्या त्या फोनमधल्या गप्पांची चर्चा थेट दिल्लीपर्यंत पोहोचली होती.

पण दार सगळ्यांसाठी उघडायला कंपनीने उशीर केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये बीबीएम अँड्रॉइड आणि आयफोनवर आलं. पहिल्या चोवीस तासांत १ कोटी डाउनलोड झाल्याचं कंपनीने सांगितलं, म्हणजे हौस किती होती बघा. तरी तोवर व्हॉट्सॲपवर ग्रुप थाटले गेले होते. काका, मामा, शाळेची बॅच, सोसायटी, सगळे तिथे. लोकांनी बीबीएम उत्सुकतेने टाकलं, इकडे तिकडे पाहिलं आणि आपापल्या ग्रुपमध्ये परत गेले.

इंडोनेशियात मात्र बीबीएमवर लोकांचं भारी प्रेम. २०१६ मध्ये तिथल्याच एमटेक या कंपनीने सर्वसामान्यांचं बीबीएम चालवायला घेतलं. त्यात खेळ, स्टिकर, बातम्या अशी भर घातली. तरीही लोक कमी होत गेले. १८ एप्रिल २०१९ ला जाहीर झालं की ३१ मे २०१९ ला हे ॲप बंद होणार.

आणि इथे गोष्टीला वळण मिळतं. ब्लॅकबेरी कंपनीकडे ऑफिसांसाठी वेगळं बनवलेलं बीबीएम एंटरप्राइझ होतं, थोडक्यात बीबीएमई. जुनं बीबीएम बंद होणार हे कळलं, तेव्हाच ब्लॅकबेरीने हे ऑफिसचं ॲप सर्वसामान्यांनाही खुलं केलं. पहिलं वर्ष फुकट, त्यानंतर दर सहा महिन्यांना २.४९ डॉलर.

विचार करा. बाजारात फुकटची ॲप्स ढिगाने होती. इथे वर्षभरानंतर पैसे मोजायचे होते. जुनं ॲप एका कंपनीकडे, नवं दुसऱ्या कंपनीकडे. तरीही जुन्या मंडळींपैकी काही जण ठामपणे या नव्या ॲपमागे उभे राहिले. त्यांनी खातं उघडलं, आपल्या माणसांना बोलावलं, कसं टाकायचं ते समजावलं. ही माणसं करोडोंमध्ये नव्हती. पण कट्टा उठल्यावर ‘बाकीचे गेले तर जाऊ दे, आपण चार जण तरी तिथे बसू’ म्हणणारी माणसं प्रत्येक ठिकाणी असतात, तशीच ही होती.

त्यांना धरून ठेवणारं काय होतं? जाहिरात नको, मेसेज दुसऱ्या कुणी वाचायला नको, ही एक बाजू होती. आणि दुसरी बाजू अगदी घरगुती होती: ज्या दोन-चार माणसांशी वर्षानुवर्षं इथेच बोललो, त्यांच्याशी याच पद्धतीने बोलायचं होतं.

बारा माणसांच्या सहासष्ट जोड्या

ॲप बदलणं इतकं जड का जातं, याचं एक साधं गणित आहे. शाळेतल्या मुलांनी हे घरच्यांना समजावून सांगावं.

समजा, तुमच्या घरच्या ग्रुपमध्ये १२ जण आहेत. कोण कोणाशी बोलू शकतं, अशा जोड्या मोजल्या तर त्या भरतात ६६. बारातले सहाच जण नव्या ॲपवर गेले, तर तिथे जोड्या किती? १५. म्हणजे माणसं निम्मी गेली, पण बोलणं निम्मं गेलं नाही. ते पाव भागाच्याही खाली आलं. म्हणून नव्या ॲपवर गेलेल्याला तिथे सुनंसुनं वाटतं आणि तो गपचूप जुन्या जागी येतो.

या गणिताचा अनुभव आपण सगळ्यांनी जानेवारी २०२१ मध्ये घेतला. व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या नव्या अटी आणल्या आणि लोक भडकले. सिग्नल आणि टेलिग्रामवर झुंबड उडाली. सिग्नलवर तर इतकी गर्दी झाली की महिन्याच्या मध्यावर ते काही काळ बंदच पडलं. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्येही ‘चला, सगळे सिग्नलवर’ झालं. चौदापैकी नऊ जण आले. आठवडाभर खूप उत्साह. मग कुणीतरी परीक्षेच्या नोट्स जुन्या ग्रुपवर टाकल्या, कारण उरलेले पाच तिथे होते. महिन्याभरात नऊच्या नऊ जण परत जुन्या जागी.

कारण जुन्या कट्ट्याला कुलूप लागलेलं नव्हतं. रागाने उठलेली माणसं राग शांत झाला की परत येतात. कट्टाच पाडला तर मात्र सगळ्यांना एका तारखेच्या आत उठावंच लागतं. ॲप बंद होण्यात काही चांगलं असेलच, तर ते एवढंच: तारीख ठरलेली असते, आणि तारीख सगळ्यांसाठी एकच असते.

त्याच महिन्यात, जानेवारी २०२१ मध्येच, आपलं भारतीय हाइक मेसेंजरही बंद झालं. डिसेंबर २०१२ मध्ये कविन भारती मित्तल यांनी सुरू केलेलं हे ॲप. भारतीय भाषांतले स्टिकर ही त्याची ओळख. गप्पा लपवून ठेवायची सोय होती, म्हणून कॉलेजातल्या पोरांचं ते लाडकं. २०१६ मध्ये वापरणारे १० कोटींवर गेल्याचं कंपनीने सांगितलं होतं. एवढं असूनही ते थांबलं. कंपनी त्या वेळी वाइब आणि रश या वेगळ्याच ॲप्सकडे वळली. गप्पांचा जुना ग्रुप उचलून न्यावा, अशी ती जागा नव्हती. पोरं व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर आधीच होती, ती तिथेच राहिली. हाइकवर फक्त स्टिकरच्या भाषेत बोलणारे काही मित्र मात्र एकमेकांना हरवले.

मागे कोण राहतं?

आता मूळ मुद्द्यावर येते. ॲप बंद होतं तेव्हा तरुण मुलं तासाभरात दुसरीकडे जातात. मागे राहतात ती वेगळी माणसं.

एक, ज्यांचा फोन दुसरं कुणीतरी चालू करून देतं. नातवाने ॲप टाकून दिलं, लॉगिन करून दिलं, आता नातू बेंगळुरूला. सूचना इंग्रजीत येते, आजोबा ती बाजूला सारतात. एका सकाळी ॲप उघडत नाही. त्यांना वाटतं फोन बिघडला, किंवा आपल्याच हातून काहीतरी झालं. कुणाला सांगायचा संकोच वाटतो. आणि ज्या चार मित्रांशी रोज ‘सुप्रभात’ व्हायचं, ते थांबतं.

दोन, ज्यांची ओळखच त्या ॲपपुरती होती. पिन माहीत होता, टोपणनाव माहीत होतं, खरा फोन नंबर कधी घेतलाच नाही. मराठी कुटुंबं इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, पार परदेशांपर्यंत पसरलेली आहेत. आईची लग्नानंतर लांब गेलेली मैत्रीण, बाबांचा जुन्या नोकरीतला सहकारी, अशी कितीतरी माणसं एकाच ॲपच्या धाग्याने बांधलेली असतात. तो धागा तुटला तर पुन्हा शोधायचं कुठे?

तीन, जे आता नाहीत. त्यांचे आवाजातले मेसेज, शेवटचं ‘पोचलास का?’, वाढदिवसाचा आशीर्वाद. माणूस गेल्यावर त्याच्या चॅटकडे आपण फार वेळा जात नाही. पण ते तिथे आहे हे माहीत असणं वेगळं आणि ते कायमचं पुसलं जाणं वेगळं.

आपल्या देशाने एकदा असाच सामुदायिक निरोप दिला होता. १४ जुलै २०१३ हा तारेचा शेवटचा दिवस होता. ज्यांनी आयुष्यात कधी तार केली नव्हती, तेही त्या दिवशी तार ऑफिसात रांगेत उभे राहिले आणि आपल्या माणसांना शेवटची तार पाठवली. ती तार कागदावर होती, म्हणून आजही कुणाच्या कपाटात जपलेली असेल. ॲपवरचे मेसेज असे आपोआप कपाटात येत नाहीत. ते आपल्याला आणून ठेवावे लागतात.

सूचना आली की काय करायचं?

घरात एकाने पुढाकार घेतला की हे काम अवघड नाही. बीबीएमईवर गेलेल्यांनी जे केलं, तेच आपल्याला करायचंय.

१. तारीख सगळ्यांना सांगा. ग्रुपमध्ये आपल्या भाषेत, साध्या दोन वाक्यांत: ‘हे ॲप अमुक दिवशी बंद होतंय. आपण अमुक ठिकाणी जातोय.’ इंग्रजी सूचना नुसती फॉरवर्ड करू नका.

२. जागा एकच ठरवा. चार पर्याय दिले की चार तुकडे पडतात. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला जे ॲप आधीपासून जमतं, ते निवडा. तरुणांना कुठलंही जमेल.

३. दोन्ही ॲप्स काही दिवस चालू ठेवा. नव्या ग्रुपमध्ये किती आले, ते मोजा. जो आला नाही त्याला मेसेज करू नका, फोन करा. तो जुन्या ॲपवरही कदाचित बघत नसेल.

४. फोन नंबर कागदावर उतरवा. हो, कागदावर. जी माणसं फक्त याच ॲपवर आहेत, त्यांची यादी आधी करा आणि त्यांचा नंबर, ईमेल मागून घ्या.

५. आठवणी उतरवून घ्या. बंद होणारी ॲप्स बहुतेक वेळा डेटा उतरवायची मुदत देतात. ती शेवटच्या दिवसावर टाकू नका. व्हॉट्सॲपमध्ये तर आजही एखादं चॅट ‘एक्स्पोर्ट’ करता येतं. महत्त्वाचे आवाज आणि फोटो फोनबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा.

६. फसवणुकीपासून सावध राहा. ‘तुमचं खातं नव्या ॲपवर न्यायचंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. नवं ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. गोंधळाच्या दिवसांत ज्येष्ठांना असे फोन येण्याची भीती जास्त असते, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

७. शेजारी बसा. हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांना जमत नाही त्यांना ‘सोप्पं आहे’ म्हणू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि त्यांच्याच बोटाने करू द्या. तीन रविवार लागले तर लागू देत.

नंबर आपला, मग गप्पा का नाहीत?

शेवटी एक मोठा प्रश्न. जानेवारी २०११ मध्ये देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली. कंपनी बदला, नंबर तोच. त्याआधी कंपनी बदलायची म्हणजे सगळ्यांना नवा नंबर कळवत बसायचं, म्हणून वाईट सेवाही लोक सहन करायचे. आज एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लावताना आपण विचारही करत नाही. ईमेलचंही तसंच. जीमेलवरून याहूला मेल जातो.

मेसेजिंग ॲप्समध्ये मात्र भिंती आहेत. या ॲपवरून त्या ॲपवर साधा ‘जेवलीस का?’ पाठवता येत नाही. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट हा कायदा आला आहे. त्यानुसार व्हॉट्सॲपसारख्या बड्या सेवांनी, दुसऱ्या ॲपने मागणी केली तर, आपलं दार त्यांच्यासाठी उघडावं अशी अट आहे. हे आपल्याकडेही आलं, तर ॲप बंद होण्याची भीती बरीच कमी होईल. स्काइप आणि टीम्सच्या मधल्या काळात दोन ॲप्सवरची माणसं एकमेकांशी बोलत होती, म्हणजे कंपनीने मनावर घेतलं तर हे होऊ शकतं.

तोवर पूल आपल्यालाच बांधावा लागणार. आज जे ॲप कधी बंद होईल असं वाटतही नाही, तसंच एकेकाळी याहू मेसेंजरबद्दल वाटायचं, बीबीएमबद्दल वाटायचं, स्काइपबद्दलही वाटायचं. या ॲप्सच्या जागी जी आली त्यातली काही भरली आणि काही रिकामी राहिली. जिथे कुणीतरी ‘चला’ म्हणून मागच्यांसाठी थांबलं, तिथे माणसं टिकली.

तर या आठवड्यात एक छोटं काम करूया. आपल्या फोनमधली अशी तीन माणसं शोधा, ज्यांच्याशी आपण फक्त एकाच ॲपवर बोलतो. त्यांना फोन करा. नंबर, पत्ता, ईमेल जे मिळेल ते एका वहीत लिहून ठेवा. आणि लिहिता लिहिता दहा मिनिटं गप्पाही मारा.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आजीला फोन करायला विसरू नका!